जंतूंची देवघेव

(ज्ञातिमंडळाच्या डोळखांब येथील वार्षिक मेळाव्यात झालेले व्याख्यान. मंडळाच्या इच्छेवरून येथे छापले आहे.)



चिटणीसांनी व्याख्यानासाठी आम्हांला पाचारण केले तेव्हा ज्ञातीच्या उन्नतीविषयी चार शब्द ऐकावयास मिळतील अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयावर अधिकाराने बोलणारे वक्ते आज या व्यासपीठावर बसलेले आहेत. आमची हयात मुंबईतील एका प्रयोगशाळेत जंतूंच्या सहवासात गेली. सबब आम्हांला ज्यांची थोडीबहुत माहिती आहे त्या जंतूंच्याच आपसांतील व्यवहाराविषयी बोलावे, हे बरे. विषय परका वाटेल. परंतु आपल्या घरातील पाळण्यातल्या मुलाशी आणि बाळंतिणीच्या खाटेशी त्याचा संबंध आहे, आणि शेवटी शेवटी तो आपल्या मंडळाच्या एका उपक्रमाशीही येऊन भिडणार आहे. तेव्हा अध्यक्षमहाराजांनी घंटा वाजविण्याची घाई करू नये, एवढी विनंती.

या सभेत साठी ओलांडलेली जी मंडळी आहेत त्यांनी आपल्या आईबापांच्या तोंडून विषमज्वराच्या कथा ऐकल्या असतील. ताप चढला की एकवीस दिवस मोजावयाचे, पेजेच्या पाण्यावर माणूस ठेवावयाचा, आणि उरला तर आपला म्हणावयाचा, अशी ती रीत होती. सूतिकाज्वराने बाळंतीण गेली तर गावात कोणी आश्चर्य करीत नसे. ही स्थिती पालटली ती अँटिबायोटिक औषधांनी, ज्यांना मराठीत आता प्रतिजैविके म्हणतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलीनचा गुण ओळखला. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारी मालकीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि महाराष्ट्राच्या भूमीवर पेनिसिलीन तयार होऊ लागले. ज्या गावाला पावसाळ्यात रस्ता नव्हता तेथेही पुढेमागे सुई जाऊन पोहोचली. माणसे जगू लागली. हा उपकार एवढा मोठा आहे की त्याची आठवण न ठेवता पुढचे बोलणे कृतघ्नपणाचे होईल.

आता गाऱ्हाणे काय ते ऐका. पूर्वी दोन गोळ्यांत जाणारा ताप आता सहा दिवस सुया घेऊनही हटत नाही, असे घरोघर ऐकू येते. त्याचे कारण विचारले तर नव्वद माणसे सांगतात की, “शरीराला औषधाची सवय झाली.” ही समजूत आधी मनातून काढून टाकली पाहिजे. सवय आपल्या शरीराला होत नाही; औषधाला दाद देईनासा होतो तो जंतू. आपण जन्मात एकही गोळी घेतली नसेल, तरी दुसऱ्याच्या आतड्यात तयार होऊन आलेला निर्ढावलेला जंतू आपल्याला गाठू शकतो. ज्याने औषधाचा गैरवापर केला त्यालाच शिक्षा मिळती तर प्रश्न सोपा होता.

जंतू निर्ढावतो कसा? त्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली वंशपरंपरेची. जंतू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. रात्री विरजण लावलेले दूध सकाळपर्यंत घट्ट होते, त्यावरून त्या वाढीच्या वेगाची कल्पना यावी. एवढ्या वाढीत एखाद्याच्या जनुकांत, म्हणजे आनुवंशिक लेखात, चुकून एखादे अक्षर बदलते आणि त्या बदलाने औषध लागू पडेनासे होते. औषधाने बाकीचे मरतात, हा उरतो, आणि त्याचीच प्रजा माजते. क्षयाच्या जंतूचे असेच आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ सालच्या अखेरीस, तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदविले आणि देशभर खळबळ उडाली. पण क्षयाचा जंतू आपली ही विद्या परक्याला देत नाही. ती त्याच्या वंशातच राहते.

दुसरी तऱ्हा उसनवारीची. आजचे व्याख्यान तिच्यासाठीच आहे.

ही गोष्ट प्रथम उघडकीस आली ती जपानात. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे आमांशाची मोठी साथ होती आणि तिच्यावर सल्फा औषधे व पुढे प्रतिजैविके सढळ हाताने वापरली जात होती. १९५५ साली हाँगकाँगहून परतलेल्या एका स्त्रीच्या आमांशाच्या जंतूवर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लीन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही चारही औषधे निष्फळ ठरली. लेखातले एक अक्षर चुकून बदलणे हीच मुळात विरळा घटना. चार वेगवेगळे बदल एकाच जंतूत एकदम कसे घडले? त्यातच असेही दिसले की, अशा रोग्यांच्या आतड्यातील एश्चेरिकिया कोली नावाचा, एरवी निरुपद्रवी असलेला जंतूही त्याच चार औषधांना दाद देत नाही. १९५९ च्या सुमारास ओचिआइ आणि आकिबा या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे निर्ढावलेला जंतू व साधा जंतू एकाच भांड्यात वाढवून पाहिले. साधा जंतूही निर्ढावला! चारही गुण एका गाठोड्यात बांधून एकाने दुसऱ्याच्या हाती दिले होते, आणि देणारा व घेणारा एका जातीचे नव्हते.

आपल्या या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर उपवर मुलामुलींची यादी असते आणि तीत देवक, कूळ, गाव पाहून मगच पुढची बोलणी होतात. जंतूंच्या दुनियेत असला विचार नाही. तेथे शेजार जुळला की व्यवहार जुळला.

हे गाठोडे म्हणजे काय, ते तलाठ्याच्या दप्तरावरून समजावे. जंतूचे मुख्य गुणसूत्र हे त्याचे मूळ दप्तर होय. त्यावाचून त्याचा संसार चालत नाही. त्याखेरीज पुष्कळ जंतूंच्या पोटात जनुकद्रव्याची लहान लहान सुटी कडी असतात. त्यांस प्लास्मिड म्हणतात. हे नाव अमेरिकेतील जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली दिले. एक जंतू दुसऱ्याला बारीक तंतूने जवळ ओढतो, दोहोंमध्ये वाट तयार होते, आणि प्लास्मिडाची नक्कल तिकडे जाते. नक्कल हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. सातबाऱ्याचा उतारा काढून दिला म्हणून तलाठ्याचे दप्तर रिकामे होत नाही, तद्वत् देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही. आता दोघांजवळ उतारा झाला, आणि दोघेही आणखी दोघांना देण्यास मोकळे. माणसाचे आतडे, गटार, रुग्णालयाचे मोरीपात्र, कोंबड्यांच्या शेडीतील खत, जेथे जंतूंची दाटी तेथे हा बाजार बारा महिने भरलेला असतो.

यावर कडी म्हणजे काही जनुकांना स्वतःचे पाय असतात. ती प्लास्मिडावरून उठून मुख्य गुणसूत्रावर जाऊन बसतात, तेथून पुन्हा दुसऱ्या प्लास्मिडावर. अशा उड्या मारणाऱ्या जनुकद्रव्याचा शोध बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषींना जंतूत नव्हे, मक्याच्या कणसात लागला. दाण्यांच्या रंगांवरून त्यांनी १९४० नंतरच्या दशकात ते अनुमान काढले. पुष्कळ वर्षे त्यांच्या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, आणि १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जंतूंतील अशा तुकड्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. इंटेग्रॉन नावाची आणखी एक सोय आहे. कचेरीतील दोऱ्याच्या फाइलीत जसे कागदामागून कागद ओवीत जावे, तशी तीत निरनिराळ्या औषधांवरची जनुके एकापुढे एक ओवली जातात. याशिवाय जंतूंना ग्रासणारे विषाणू एकाचे जनुक दुसऱ्यात नेऊन टाकतात, आणि काही जंतू तर मेलेल्या जंतूंचे द्रव्य उचलून आपलेसे करतात. पण त्या तपशिलात आज शिरत नाही.

ओवलेल्या कागदांची एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी, कारण तिच्यातच सगळी मेख आहे. पाच औषधांवरची जनुके एका दोऱ्यात असली, तर त्यांपैकी कोणतेही एक औषध पोटात जाताच पाचही जनुके बाळगणारा जंतू टिकतो आणि बाकीचे मरतात. म्हणजे एखादी जुनी, स्वस्त, ‘हलकी’ म्हणून समजली जाणारी गोळी विनाकारण घेतली, तरी तिने शेवटच्या भारी औषधावरील तोड पोटात सांभाळली जाते. हलके औषध घेतले म्हणून हानी हलकी झाली, असा हिशेब येथे चालत नाही.

मूळ जनुके आली कोठून, असा प्रश्न कोणी विचारील. ती मातीतून आली. पेनिसिलीन बुरशीपासून आणि स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जंतूपासून मिळाले. जो विष बनवितो तो त्याचा उतारही जवळ ठेवतो, आणि शेजारीही उतार शोधतात. कॅनडाच्या युकॉन प्रांतात ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीत अशी जनुके सापडल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा औषधांनी ही जनुके निर्माण केली असे म्हणणे बरोबर नव्हे; कोपऱ्यात पडून असलेल्या वस्तूला आपण गिऱ्हाईक मिळवून दिले, असे म्हणावे.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. २००८ सालच्या आरंभी स्वीडनमध्ये राहणाऱ्या एका भारतीय वंशाच्या गृहस्थाच्या लघवीत क्लेब्सिएला जातीचा जंतू सापडला. ते त्यापूर्वी नवी दिल्लीच्या रुग्णालयात उपचार घेऊन गेले होते. कार्बापेनेम वर्गाची औषधे ही डॉक्टरांची जवळजवळ शेवटची शिदोरी; हा जंतू त्यांनाही दाद देईना. त्याच्याजवळ औषधाचा कणा तोडणारे एक विकर होते, आणि त्याचे जनुक प्लास्मिडावर बसलेले होते. शोधकांनी त्याला नवी दिल्लीचे नाव दिले आणि ते ‘एनडीएम-१’ या आद्याक्षरांनी प्रसिद्ध झाले. नावावरून पुढे बरेच वादळ उठले. देशाच्या राजधानीचे नाव असे जगभर व्हावे याचे वाईट आम्हांलाही वाटते, पण त्या वादात मूळ गोष्ट मागे पडली. ती अशी की, त्याच गृहस्थाच्या विष्ठेतील एश्चेरिकिया कोलीतही तेच जनुक निघाले, आणि तेही निराळ्या आकाराच्या प्लास्मिडावर. जपानी भांड्यातला प्रयोग एका जिवंत माणसाच्या पोटात होऊन गेला होता.

मुंबईत काय दिसले? माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील प्रयोगशाळेने २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात कार्बापेनेमला न जुमानणारे आतड्याच्या कुळातील २४ जंतू तपासले. त्यांतील २२ जणांजवळ हे जनुक होते. हे बावीस एका जंतूची पिल्ले असती तर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेले असे म्हणता आले असते. परंतु त्यांत क्लेब्सिएला होता, एश्चेरिकिया कोली होता, एंटेरोबॅक्टर होता, मॉर्गनेलाही होता. निरनिराळ्या जाती, जनुक एक. त्या अहवालाने आमच्या व्यवसायातील मंडळींची झोप उडविली, यात अतिशयोक्ती नाही.

रुग्णालयाबाहेरचे पाहू. दिल्लीत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत हेच जनुक आढळले. पुण्यात मुठा नदीच्या तळच्या गाळाची तपासणी झाली. तिचा अहवाल २०१७ चा. शहराच्या वरच्या अंगाच्या गाळाच्या मानाने शहरातील गाळात औषधांना न जुमानण्याची जनुके तीस पटींपर्यंत अधिक होती. नदी तीच, मधल्या काही कोसांत शहराचे शुद्ध न केलेले सांडपाणी तिला येऊन मिळते.

आपला मुलूख नदीच्या वरच्या अंगाचा. तानसा आणि भातसा हे जलाशय आपल्या शहापूर तालुक्यातले, आणि मुंबई त्यांचे पाणी पिते. उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हे दुखणे येथे निराळे सांगावयास नको. पण म्हणून आपण या गोष्टीपासून दूर आहोत असे कोणी समजू नये. पाणी इकडून जाते आणि माणसे तिकडून येतात. गणपतीला, होळीला, लग्नसराईला निम्मी ज्ञाती मुंबई-ठाण्याहून गावी उतरते, आणि प्रत्येकाच्या आतड्यात त्याचे त्याचे जंतू असतात. हॉलंडच्या प्रवाशांची मोठी पाहणी २०१७ साली छापली गेली. निघताना स्वच्छ असलेल्या आणि दक्षिण आशियात फिरून परतलेल्या चार प्रवाशांपैकी तिघांच्या पोटात पेनिसिलीनच्या कुळातील प्रबळ औषधांना न जुमानणारे जंतू मिळाले. त्यांना आजार काहीच नव्हता. ओझे वाहत होते, एवढेच. चारांतल्या तिघांची ही गत थोड्या दिवसांच्या मुक्कामात होते, तर येथेच जन्म काढणाऱ्या आपल्या पोटांत काय असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. बहुतेकांना ते जन्मभर बाधत नाही. बाधते ते कमी दिवसांच्या बाळाला, शस्त्रक्रिया झालेल्याला, मधुमेह्याच्या पायाच्या जखमेला. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

विषमज्वराकडे परत येऊ, कारण आपल्या भागाला तो ओळखीचा. क्लोरॅम्फेनिकॉल ही त्यावरची रामबाण मात्रा होती. १९७२ साली केरळात कालिकत येथे तिला न जुमानणाऱ्या विषमज्वराची साथ आली, आणि ती विद्या प्लास्मिडावरूनच आल्याचे दिसले. १९९० च्या सुमारास मुंबईसह अनेक शहरांत एकदम तीन औषधे निकामी झालेला विषमज्वर पसरला. मग डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिनकडे वळले. काही वर्षांत तेही थकले. येथे एक चमत्कार घडला. क्लोरॅम्फेनिकॉल वापरणे जवळजवळ थांबल्यावर पुष्कळ जंतूंनी ते जुने प्लास्मिड टाकून दिले आणि जुने औषध त्यांना पुन्हा लागू पडू लागले! ओझे उगाच कोण वाहील? जंतूही वाहत नाही. पण या आशेवर फार विसंबू नये. काही वाणांत ती जनुके मुख्य गुणसूत्रावर जाऊन पक्की बसली आहेत; आणि २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांताच्या हैदराबादेत जो विषमज्वर माजला त्याच्या जंतूने नवे प्लास्मिड उचलून सेफ्ट्रिअॅक्सोन हे हुकमी इंजेक्शनही बाद केले.

याच विषमज्वराची एक चांगली गोष्ट आपल्या ठाणे जिल्ह्यातील आहे आणि ती आम्ही अभिमानाने सांगतो. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या एक लाखाहून अधिक मुलांना विषमज्वराची नवी संयुग्म लस टोचली. सार्वजनिक मोहिमेतून ही लस देण्याचा जगातला तो पहिला प्रसंग. लशीपुढे जंतूच्या गाठोड्यात कोणती जनुके आहेत याला किंमत नाही. ताप आलाच नाही तर गोळीचा प्रश्नच नाही. शहरात झाले ते आपल्या पाड्यांवर का होऊ नये, हा प्रश्न आपल्या ज्ञातीतील जिल्हा परिषदेत वावरणाऱ्या मंडळींनी विचारण्यासारखा आहे.

कोंबड्यांविषयी दोन शब्द. आपल्या भागातील बऱ्याच तरुणांनी कोंबडीपालनाचा धंदा धरला आहे, तो वाढो. पण कोंबडी लवकर भरावी म्हणून खाद्यात औषध मिसळण्याची चाल या धंद्यात जगभर पडली. चीनमध्ये २०१५ साली कोलिस्टिन या औषधावर मात करणारे, प्लास्मिडावरून फिरणारे जनुक डुकरांत, मांसात आणि रोग्यांतही सापडले. कार्बापेनेमही हरल्यावर डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते हे औषध. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये जनावरांच्या व कोंबड्यांच्या उपयोगासाठी त्याच्यावर बंदी घातली. खाद्याच्या गोणीवर काय छापले आहे ते वाचून घ्यावे, आणि छापलेच नसेल तर ती गोणी परत करावी.

आता आमच्या मुख्य बोलण्याकडे येतो. मंडळाची ‘औषधपेटी’ आपणां सर्वांना ठाऊक आहे. मुंबईतील कुटुंबांनी घरात उरलेली औषधे गोळा करावयाची आणि गावोगावच्या गरजू घरांना वाटावयाची, हा उपक्रम ज्यांनी सुरू केला त्यांच्या अंतःकरणाविषयी आम्हांला आदरच आहे. दवाखाना दूर, एस. टी. चे वेळापत्रक बेभरवशाचे आणि मजुरीचा एक दिवस बुडणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. पण त्या पेटीची उघडझाप आम्ही मागच्या खेपेस पाहिली. तीत तीन गोळ्या उरलेली अॅझिथ्रोमायसिनची पाकिटे होती, अर्धी संपलेली सेफिक्झिम होती, लहान मुलांचे पाणी घालून ठेवलेले अमॉक्सिसिलिन होते. ती ज्याच्या हाती जातील त्याला सर्दी आहे, की विषाणूचा ताप आहे, की खरोखर विषमज्वर आहे, हे पाहणारे कोणी नाही. सर्दीवर आणि बहुतेक साध्या जुलाबांवर या औषधांचा काडीचा उपयोग नाही. जुलाबाला मीठसाखरेचे पाणी आणि मुलांना झिंक हाच उपाय. विषमज्वर असेल तर तीन गोळ्या पुरणार नाहीत. दोन्ही परींनी रोग्याला लाभ नाही, आणि त्याच्या आतड्यातील बाजारात मात्र निर्ढावलेल्यांची चलती. दानाचे पुण्य देणाऱ्याला लागले असेल, घेणाऱ्याच्या पदरात काय पडले ते आम्ही सांगितले.

कोणी म्हणेल, की डॉक्टरच सर्रास लिहून देतात, दुकानदार चिठ्ठीवाचून देतो. मग आमच्या पेटीवरच रोख का? हे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच सरकारने २०१३ साली औषध नियमांत ‘एच-१’ ही अनुसूची घातली, जी पुढच्या वर्षाच्या मार्चपासून अमलात आली. तिच्यातील औषधे चिठ्ठीवाचून द्यावयाची नाहीत आणि कोणाला दिली याची दुकानदाराने वही ठेवावयाची. पुष्कळ पाकिटांवर तांबडी उभी रेघ असते, ती याच सावधगिरीची खूण. ती रेघ असलेले पाकीट दुकानदाराने चिठ्ठीवाचून देऊ नये असे आपण म्हणतो, आणि आपले मंडळ तेच पाकीट चिठ्ठीवाचून, वहीवाचून, फुकट देते.

यास्तव कार्यकारिणीपुढे आमची सूचना अशी आहे. औषधपेटी बंद करू नये. तीत मीठसाखरेच्या पुड्या, झिंकच्या गोळ्या, तापाची पॅरासिटामॉल, जखमेची पट्टी, साबण आणि थर्मामीटर ठेवावे. हे सामान मंडळाने नवे विकत घ्यावे, उरलेले गोळा करू नये. तांबड्या रेघेचे एकही पाकीट पेटीत असू नये. दोन दिवस न उतरणाऱ्या तापाच्या, जलद श्वास चालणाऱ्या मुलाच्या आणि अंगावर पिणे सोडलेल्या तान्ह्याच्या घरी मंडळाने गाडीभाड्याचे पैसे द्यावेत, म्हणजे ते माणूस येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहापूरच्या रुग्णालयात वेळेवर पोहोचेल. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मात्र सांगितले तितके दिवस, सांगितले तसेच घ्यावे. त्यांनी रक्ताची किंवा लघवीची जंतुपरीक्षा सुचविली तर खर्चाला भिऊन ती टाळू नये, त्यासाठीही पेटीच्या निधीतून काही रक्कम ठेवावी. आमच्याकडून या निधीस पहिले पाच हजार रुपये आम्ही आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत. पेटीत सध्या जी अँटिबायोटिके आहेत ती चुलीत किंवा ओढ्यात टाकू नयेत. आम्ही मुंबईस परत जाताना ती बरोबर नेऊ आणि रुग्णालयाच्या औषधी कचऱ्यात देऊ. पेटीची किल्ली कोणाकडे आहे, तेवढे सभा संपल्यावर कळवावे.